फूल, दोन पानं आणि ७,२७२ बाद मतं

जानेवारी आला की आम्हा गोंयकारांत जनमत कौलाचा विषय निघतोच. आमचं घर फोंड्याकडचं, पक्कं विलीनीकरणवादी. त्यामुळे "मतं बाद केली म्हणून आपण हरलो" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते अजूनही चालतं, म्हणून एकदा आकडेच मांडतो.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. महाराष्ट्रात जायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. बाद मतं ७,२७२. आता ती सगळीच्या सगळी फुलाची होती असं धरा. तरी फूल २६,७४९ मतांनी मागेच राहतं.

खरा वाद मतदानाच्या आधी झाला होता, तो मात्र आपण विसरलो. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री, आणि त्यांचा मगो पक्षच विलीनीकरण मागणारा. मग त्यांच्याच सरकारच्या हाताखाली कौल निष्पक्ष होईल कसा, असा जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सचा सवाल होता. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि कौल केंद्राच्या देखरेखीखाली झाला. दुसरीकडे, गोव्याबाहेर राहणाऱ्या गोंयकारांनाही मत द्या ही मागणी मान्य झाली नाही. म्हणजे सगळंच एका बाजूच्या मनासारखं झालं, असंही नाही.

निकालाने आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं, असं थोरले सांगत. पण दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक आली. त्याच मतदारांनी ३० पैकी १६ जागा मगोला दिल्या आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतपेट्यांवर विश्वास नसता तर हरलेली माणसं इतक्या लवकर परत रांगेत उभी राहिली असती का?

आज निवडणुकीत हरलेला पहिल्यांदा यंत्राला नाहीतर मतदारयादीला दोष देतो. शंका जरूर घ्यावी, यादी आधीच तपासून घ्यावी. पण सत्तेवर असलेल्याने मतदानाआधी बाजूला होणं, ही १९६६ ची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. हरलेल्याला निकाल पचतो तो त्यामुळेच.

तुमच्या घरी फूल होतं की दोन पानं? थोरल्यांकडून काय ऐकलंत, ते खाली लिहा.