दुसरे घर (लोणावळा–मावळ)

राहत्या घराखेरीज हवापालटासाठी, सुट्टीसाठी किंवा गुंतवणूक म्हणून घेतलेले घर, बंगला अथवा प्लॉट. रोजच्या बोलण्यात ‘सेकंड होम’ किंवा सरसकट ‘फार्महाऊस’. महाराष्ट्रात या घरांची एक जुनी आणि दाट वस्ती पुणे जिल्ह्यातील लोणावळा-खंडाळा परिसरात आहे. तेथून ती मावळ तालुक्यातून पूर्वेकडे तळेगाव, सोमाटणे, परंदवडीपर्यंत पसरली आहे. आजूबाजूच्या शेतजमिनीच्या मानाने येथील बांधकामयोग्य जागेला पुष्कळ चढा भाव मिळतो.

पार्श्वभूमी : बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ मध्ये आणि घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्यामुळे सुमारे ६२५ मीटर उंचीवरचे लोणावळे मुंबईच्या आवाक्यात आले आणि श्रीमंत मुंबईकरांनी येथे बंगले बांधले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर हीच हौस मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. पुणे-लोणावळा लोकलने हा पट्टा आधीच रोजच्या प्रवासाचा केला होता.

भाव चढण्याची कारणे : पहिले कारण जागेची टंचाई. खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी टाटांनी बांधलेले वळवण, लोणावळा व शिरोता तलाव, वनजमिनी, आयएनएस शिवाजी हे नौदलाचे केंद्र आणि सह्याद्रीचे कडे यांनी लोणावळ्याभोवतीची बरीच जागा व्यापली आहे. १:५ पेक्षा अधिक उताराच्या डोंगरावर बांधकामास बंदी आहे. कार्ले, भाजे, बेडसे लेणी आणि लोहगड, विसापूर यांच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. पुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मागणी कितीही वाढली तरी धरणाकाठची किंवा दरीच्या तोंडावरची जागा वाढत नाही.

दुसरे कारण वेळेचे. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांना शुक्रवारी संध्याकाळी निघून जेवणाच्या वेळेला पोहोचता येईल अशी दुसरी डोंगराळ जागा क्वचितच सापडते. महाबळेश्वर अधिक थंड आहे, पण दर आठवड्याला जाण्याजोगे नाही.

तिसरे कारण हंगामाचे. स्वित्झर्लंडमधील झेरमाट किंवा अमेरिकेतील ॲस्पेन येथे बर्फ जे करते, ते लोणावळ्यात पाऊस करतो. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा हा पाऊस जून ते सप्टेंबर गर्दी खेचतो. मात्र बर्फाच्या गावांत हंगामाबाहेर शुकशुकाट होण्याचा धोका असतो. येथे हिवाळ्यात गडभटकंती, पवना धरणाकाठचे तंबू आणि वर्षअखेरची सुट्टी असल्याने पोहण्याचा तलाव असलेला बंगला बाराही महिने भाड्याने जाऊ शकतो. या उत्पन्नाच्या अपेक्षेवर भाव आणखी चढतो.

चौथे कारण कायद्याचे. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या खरेदीवर बंधने घातली. त्यात सातबाऱ्यावर भावाबहिणींची आणि त्यांच्या वारसांची अनेक नावे असतात. त्यामुळे बिनशेती झालेला, निर्वेध मालकीचा प्लॉट दुर्मीळ ठरतो. खरेदीदार मातीइतकेच स्वच्छ कागदांचे पैसे मोजतो. हिमाचल प्रदेशातही १९७२ च्या कायद्याचे कलम ११८ बिगरशेतकऱ्यांच्या खरेदीला असाच आवर घालते.

परंदवडी व पूर्व मावळ : परंदवडी हे सोमाटणे फाट्याजवळचे, पवना खोऱ्यातील गाव. येथे लोणावळ्याची दरी नाही आणि धुकेही तितके नाही. घाटमाथ्याकडून पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होतो. तरीही मागणी आहे, कारण जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग दोन्ही जवळ आहेत. हिंजवडीचा आयटी पट्टा आणि तळेगावची औद्योगिक वसाहत यांमुळे आज सुट्टीसाठी घेतलेले घर उद्या कायम राहण्याचे होऊ शकते. लोणावळ्यात निसर्गदृश्याचा भाव असतो, परंदवडीत या शक्यतेचा. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात मावळ आल्याने ही अपेक्षा बळावली.

परिणाम : चढ्या भावाने काही शेतकऱ्यांना भांडवल दिले, बांधकाम, बागकाम, खानावळी यांत रोजगार आला. पण गावातल्या तरुण कुटुंबाला स्वतःच्याच गावात गुंठाभर जागा घेणे परवडेनासे झाले. येथील भाव वाढवणारे पाणी आणि रस्ते स्थानिकांच्या जमिनीवर उभे आहेत. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले.

वर्षातून काही दिवस उघडणाऱ्या घरांचा प्रश्न स्वित्झर्लंडने मतपेटीतून हाताळला. २०१२ च्या सार्वमतानुसार तेथील कोणत्याही गावात दुसऱ्या घरांचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यास नव्या दुसऱ्या घरांवर बंदी येते. मावळात अशी मर्यादा नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांत तालुक्यातील गावे आहेत. पण तो विचार पर्यावरणाचा आहे, स्थानिकांच्या घराचा नाही. ही उणीव भरून काढणे गरजेचे आहे.

खरेदीदाराची जोखीम : चढा भाव टिकेलच असे नाही. मुळशी तालुक्यातील ॲम्बी व्हॅली या गृहप्रकल्पावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्ती आणली. लवासा प्रकल्प २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. दोन्हीकडे निसर्ग होता, पैसा होता. अडले ते परवानग्या, देणी आणि मालकीच्या प्रश्नांवर. म्हणून मावळात प्लॉट घेताना सातबारा व फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन, जागेपर्यंतचा कायदेशीर रस्ता आणि उन्हाळ्यातले पाणी पाहावे. प्रकल्प महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे) नोंदलेला आहे का, हेही तपासावे. इसार देण्याची वेळ या तपासणीनंतरची आहे.