घरच्यांनी टोचलेला कान

सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. मधुमेही मांजराचा कान मात्र घरच्याच माणसाने टोचलेला बरा. हे उमगायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

लघवीला मुंग्या लागतात, यावरून आपल्या वैद्यांनी मधुमेह फार पूर्वी ओळखला होता. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने रुग्णाची लघवी आटवून उरलेली साखर दाखवली. त्यानंतरही कितीतरी वर्षं घरच्या घरी साखर बघायची तर लघवीतच. पण लघवी उशिरा बोलते. रक्तातली साखर मूत्रपिंडाला पेलेनाशी झाली की मगच ती लघवीत उतरते. आणि साखर धोकादायक घसरली तर लघवी काहीच सांगत नाही. इन्सुलिन टोचणाऱ्याला खरी धास्ती त्या घसरण्याचीच.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या एम्स कंपनीने रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी काढली आणि सत्तरच्या सुमारास तो रंग मोजणारं किलोभराहून जड यंत्र. ते मिळायचं फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना. रिचर्ड बर्नस्टाइन हा लहानपणापासून मधुमेह असलेला इंजिनिअर. त्याची बायको डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर त्याने यंत्र मिळवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासू लागला. रुग्णाने घरी रक्त तपासावं हे त्याचं म्हणणं डॉक्टरांच्या गळी उतरेना, तेव्हा पंचेचाळिशीत तो स्वतःच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला. या सगळ्या कुळकथेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा हट्टी माणूस.

मांजराच्या बाबतीत घरची तपासणी ही निव्वळ सोय नाही. टोपलीत कोंबलेलं, रस्ताभर ओरडलेलं, कुत्र्यांच्या वासाने बिथरलेलं मांजर दवाखान्याच्या टेबलावर दाबून धरलं की भीतीपोटी त्याचं यकृत रक्तात साखर सोडतं. मधुमेह नसलेल्या मांजराचीही साखर अशा वेळी भलतीच चढते. तो आकडा खरा मानून इन्सुलिन वाढवलं आणि घरी आल्यावर मांजर शांत झालं, तर साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. बिचाऱ्याला बोलताही येत नाही.

वाट सापडली झुरिकच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात. क्लॉडिया रॉइश आणि गेरहार्ड वेस यांनी २००० साली कानाला टोचून थेंबभर रक्त घेण्याची रीत मांडली. दोनच वर्षांनी तिथल्या चमूने मांजर-कुत्री पाळणाऱ्यांना ती शिकवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. कान उबदार फडक्याने शेकायचा, कडेला व्हॅसलिनचं पुसट बोट फिरवायचं म्हणजे थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो, मागे कापसाचा आधार धरायचा आणि कडेच्या बारीक शिरेजवळ टोचायचं. दर दोन तासांनी असे बारा तासांचे आकडे मांडले की इन्सुलिन कधी चढतं, कधी ओसरतं ते दिसतं.

हा थेंब तपासायचा माणसांच्याच मीटरवर, आणि तिथे एक अडचण होतीच. माणसाच्या रक्तातली बरीच साखर तांबड्या पेशींत असते, मांजराची जवळजवळ सगळी पेशींबाहेरच्या द्रवात. त्यामुळे माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. पुढे प्राण्यांसाठी वेगळे मीटर निघाले.

या खटाटोपाचं फळ २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. घरी वारंवार साखर तपासून ग्लार्जिन इन्सुलिन दिलेल्या ५५ मांजरांपैकी ६४ टक्क्यांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू केलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं. माझ्या मते टोचायला कचरणाऱ्या प्रत्येक घराला हा आकडा सांगायला हवा.

आता माणसांसाठी निघालेला, कातडीवर चिकटवायचा सेन्सरही मांजरांना लावतात. पण कान काही सुटलेला नाही. टोचून झालं की उकडलेल्या कोंबडीचा छोटा तुकडा द्यायचा, दर वेळी त्याच जागी. थोड्या दिवसांनी काही मांजरं मीटरची डबी उघडल्याचा आवाज ऐकून आपणहून मांडीवर येऊन बसतात.