औषध तेच, मात्रा तीच

एकाच दुखण्यावर दोघांना एकच गोळी दिली, तर एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला नुसता त्रास होतो. ‘त्याला ते मानवलं नाही’ असं म्हणून आपण विषय संपवतो. नैराश्यावरच्या औषधांच्या बाबतीत मात्र हे न मानवणं काही संशोधकांनी मोजायला घेतलं.

१९६७ साली स्वीडनमध्ये फोल्के श्योक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यानं रुग्णांच्या रक्तातली या औषधांची पातळी तपासली. मात्रा सारखीच, पण पातळीत ३० पटींपर्यंत फरक! हा फरक आनुवंशिक की राहणीमानाचा? ते पाहण्यासाठी जुळ्या भावंडांना नॉरट्रिप्टिलीन हे औषध देण्यात आलं. १९६९ साली निष्कर्ष छापून आले. एकबीज जुळ्यांची पातळी जवळपास सारखी, द्विबीज जुळ्यांच्या पातळीत तफावत. मात्र हे खरं ठरलं ते दुसरं कुठलंही औषध न घेणाऱ्या जुळ्यांत. ही अट ध्यानात ठेवू, ती पुढं लागणार आहे.

आनुवंशिक खरं, पण नेमकं काय? धागा सापडला भलतीकडेच. लंडनमध्ये सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन या रक्तदाबावरच्या औषधाचा अभ्यास करत होते. ते त्यांनी स्वतःच घेऊन पाहिलं. (तेव्हा हे चालत असे!) बाकीच्यांना विशेष काही झालं नाही, स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका उतरला, की त्यांना उभं राहवेना. लघवी तपासली तेव्हा कळलं, की इतरांच्या शरीरात औषधाचं रूपांतर होत होतं, स्मिथ यांच्या शरीरातून ते बहुतांशी जसंच्या तसं बाहेर पडत होतं. ते काम करणारं यकृतातलं विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांच्यात निकामी होतं. १९७७ साली हे प्रसिद्ध झालं. नॉरट्रिप्टिलीनची विल्हेवाटही हेच विकर लावतं, हे पुढं दिसून आलं. १९८८ साली त्याचं जनुक हाती आलं. ते २२ व्या गुणसूत्रावर असतं, नाव सीवायपी२डी६.

याची दुसरी बाजू स्वीडनमध्येच दिसली. नैराश्यानं आजारी असलेल्या एका स्त्रीला नेहमीच्या मात्रेनं गुणच येईना. कित्येक पट मात्रा द्यावी लागली. १९९३ साली कारण उलगडलं. तिच्याकडे या जनुकाची जादा प्रत होती; औषधानं काम करण्याआधीच यकृत त्याचा निकाल लावत होतं. अशा रुग्णाबद्दल घरचे काय म्हणतात? ‘गोळ्या घेतच नसणार.’ जनुकतपासणीचं मोल आम्हाला इथं सर्वांत जास्त वाटतं.

मग तपासणी केली, की योग्य औषध मिळालंच? २००४ साली अमेरिकेत अशा तपासणीच्या चिपला परवानगी मिळाली, पाठोपाठ जाहिरातीही आल्या. पण सुमारे १९०० माजी सैनिकांवर तिथंच झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा थोडाच दिसला, आणि २४ आठवड्यांपर्यंत तोही टिकला नाही. याचं नवल वाटायला नको. औषध रक्तात किती टिकेल एवढंच हे जनुक सांगतं. त्यानं मन उभारी धरेल का, हे नाही. शिवाय जुळ्यांच्या अभ्यासातली ती अट आठवा. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरचीच औषधं याच विकराला रोखतात. जनुक धडधाकट असूनही माणूस स्मिथ यांच्यासारखा होऊन बसतो, आणि जनुकाच्या अहवालात ते दिसत नाही.

मात्रा ठरवायला मात्र अहवाल कामी येतो. सिटालोप्रॅमची विल्हेवाट मुख्यतः सीवायपी२सी१९ हे दुसरं विकर लावतं. ते ज्यांच्यात निकामी आहे त्यांना दिवसाला २० मिलिग्रॅमहून जास्त देऊ नये, अशी सूचना अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेली असते.