शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा
1981 मध्ये एनआयआयटी आणि 1986 मध्ये ॲपटेक या संगणक शिकवणाऱ्या खासगी कंपन्या निघाल्या. पाठोपाठ गल्लोगल्ली संगणकाचे क्लास. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच असेल, तर नोकरी देणाऱ्याने विसंबायचे कशावर? 1990 च्या डोएक या सरकारी संगणक-परीक्षा योजनेने शिकवणी खासगी क्लासकडेच ठेवली, पण परीक्षा देशभर एक केली: पायाभूत 'ओ'पासून एम.टेक.च्या तोडीच्या 'सी'पर्यंत चार पातळ्या. क्लास न लावता घरी अभ्यास करणाऱ्यालाही परीक्षेला बसता येई, आणि माझ्या मते हेच तिचे मोठे काम. अभ्यासक्रम बाजाराच्या मागे पडतो, कंपन्या स्वतःची चाचणी घेतातच, हा आक्षेप खरा आहे. पण कंपनीची चाचणी त्या कंपनीपुरतीच; पदवी नसलेल्या मुलाला कुठेही दाखवता येईल असा दाखला हवा होता. सरकारी भरतीच्या जाहिरातींत 'ओ' लेव्हल आजही मागतात.