हॅम्बुर्गचं पाणी

परदेशी जायचं ठरलं की आपल्या जैन घरांत पहिला प्रश्न व्हिसाचा नसतो. तिथं खायचं काय, हा पहिला. पाण्याचं काय, हा दुसरा. तिकीट, विमा, गरम कपडे हे सगळं त्यानंतर येतं. जर्मनीच्या उत्तरेकडच्या हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरी जायचं नक्की झालं, तेव्हा आमच्याकडेही हाच क्रम होता. खाण्याचा प्रश्न पंचांगानंच बराचसा सोडवला. मेच्या मध्यावर तिथं सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमाराला मावळतो आणि जूनअखेरीस जवळजवळ दहाला. म्हणजे अंथऊ करायला भरपूर वेळ. डिसेंबरात मात्र चारलाच सूर्यास्त. रात्रीभोजनाचा त्याग असणाऱ्यांनी हिवाळ्यात त्या वाटेला जाऊ नये. चातुर्मास लागायच्या आत परत यायचं, म्हणून मे ठरला.

पाण्याचा प्रश्न इतका सरळ सुटला नाही. त्याचं उत्तर शोधता शोधता मी त्या शहराच्या इतिहासात शिरले, आणि सहलीची यादीच बदलून गेली.

प्रवासी कंपन्यांच्या यादीत एल्ब नदीकाठचं बंदर असतं, एल्बफिलहार्मोनी हे नवं संगीतगृह असतं, १९११ साली नदीखालून काढलेला बोगदा असतो आणि तांबड्या विटांची श्पायखरश्टाट ही गोदामांची वस्ती असते. कालव्यांत पाय सोडून उभी असलेली ही गोदामं १८८३ पासून बांधायला घेतली आणि १८८८ मध्ये कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या हस्ते त्यांचं उद्घाटन झालं. कॉफी, चहा, मसाले, गालिचे, सगळा माल इथं जकातीविना उतरायचा. आता हा भाग जागतिक वारशात आहे. पण ती उभी राहण्याआधी तिथं माणसांची वस्ती होती. सुमारे वीस हजार लोकांना तिथून उठवलं. त्यांतले पुष्कळ गरीब लोक शहरातल्या दुसऱ्या बोळांमध्ये दाटीवाटीनं जाऊन राहिले. लाकडी घरं, हातभर रुंदीच्या गल्ल्या, अंगणात एखादा सामायिक नळ. या बोळवस्त्यांना गेंगेफिर्टल म्हणत. मालाला ऐसपैस जागा मिळाली, माणसांची गेली. हे लक्षात ठेवायचं, कारण पुढची गोष्ट याच बोळांतली आहे.

हॅम्बुर्ग हे व्यापाऱ्यांचं शहर. राजा नाही, सरदार नाहीत. व्यापारी आणि वकील मिळून कारभार बघायचे. काटकसरी, हिशेबी, धर्म सांभाळणारे, शब्दाला जागणारे. वर्णन ऐकून ओळखीचं वाटतं ना? मलाही वाटलं. त्यांच्या नगरसभेत घरमालकांसाठी वेगळ्या जागा राखून ठेवलेल्या होत्या. मतदानाचा हक्क मोजक्यांनाच होता आणि बायकांना तर नव्हताच.

मे १८४२ मध्ये मोठी आग लागून शहराचा मधला भाग जळाला. नव्यानं बांधणी करताना विल्यम लिंडली या इंग्रज इंजिनिअरनं भुयारी गटारं आणि नळाचं पाणी आणलं. त्या काळात युरोपातल्या मोजक्याच शहरांत अशी सोय होती. पाणी एल्बमधूनच घ्यायचे, शहराच्या वरच्या अंगाला. हौदात थोडा वेळ ते निवळायला ठेवायचे आणि नळाला सोडायचे. वाळूच्या थरांतून गाळून मग सोडावं, अशी सूचना वेळोवेळी झाली. पण खर्च कुणी उचलायचा, घरपट्टी किती वाढेल, यावर वर्षानुवर्षं नुसती चर्चा चालली. एल्ब साधी नदी नाही. समुद्र दूर असला तरी भरतीचं पाणी हॅम्बुर्गपर्यंत चढतं, आणि शहराच्या खाली सोडलेली घाण भरतीबरोबर वर येते. शहर वाढलं तशी ती पाणी उपसायच्या जागेपर्यंत पोचू लागली.

त्या पाण्यात काय होतं ते कार्ल क्रेपेलिन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं नोंदवून ठेवलंय. हॅम्बुर्गच्या नळांतले प्राणी असाच त्याच्या निबंधाचा विषय, साल १८८६. नळांत त्याला पन्नासहून जास्त जातींचे जीव सापडले. किडे, गोगलगायी, शिंपले, इतकंच काय, बाममासेसुद्धा! हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आपल्या शास्त्रातले त्रस जीव, म्हणजे हलते-चालते जीव, रोज लोकांच्या तांब्या-पेल्यांत. शहरानं त्या निबंधाकडे गंमत म्हणून पाहिलं.

१८९२ च्या ऑगस्टमध्ये पटकी आली. रशियात त्या वर्षी साथ होतीच, आणि अमेरिकेला निघालेले गरीब लोक तिकडून येऊन हॅम्बुर्गच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत राहिलेले असायचे. महिन्याच्या मध्याला पहिले रोगी दगावले. पण ही पटकीच, असं सरकारी तोंडातून यायला २३-२४ तारीख उजाडली. कारण उघड आहे. साथ जाहीर केली की जगातली सगळी बंदरं हॅम्बुर्गच्या बोटी अडवणार आणि व्यापार बुडणार. त्या मधल्या आठवड्यात ‘मोराव्हिया’ नावाची बोट, शहरात सगळं ठीक आहे असा दाखला घेऊन, न्यूयॉर्कला निघालीसुद्धा. वाटेत तिच्यावर बावीस माणसं मेली.

बर्लिनहून रॉबर्ट कोख आले. आठ वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, कलकत्त्याच्या तलावातल्या पाण्यात पटकीचा जंतू याच कोखनी शोधून दाखवला होता. त्यांनी उकळलेलं पाणी गाड्यांवरून वाटायला लावलं, शाळा बंद करायला लावल्या. बोळवस्त्या बघून तेही हादरले. साधारण सहा आठवड्यांत सतरा हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली आणि ८,६०० च्या वर मेली. घर जितकं गरीब तितके मृत्यू जास्त. श्रीमंतांकडे पाणी उकळायला जळण होतं, चाकर होते, आणि शहर सोडून जायला गाडीभाडं होतं.

आता शेजारच्या आल्टोनाची गोष्ट. आज हा हॅम्बुर्गचाच एक भाग, पण १९३७ पर्यंत ते वेगळं गाव होतं आणि त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होतं. आल्टोनाही एल्बचंच पाणी प्यायचं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला घेतलेलं. म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण मिसळल्यानंतरचं पाणी! पण १८५९ पासून आल्टोना ते वाळूतून गाळून घेत होतं. साथीत तिथं फार थोडे रोगी निघाले. दोन्ही गावांच्या हद्दीवर शुल्टरब्लाट नावाचा रस्ता आहे. हॅम्बुर्गच्या हद्दीतल्या तिथल्या एका मोठ्या वाड्याला नळ मात्र आल्टोनाचा होता. तो वाडा वाचला. हवा तीच, जमीन तीच, माणसंही तशीच. फरक होता फक्त गाळण्याचा.

वाळू जंतूला अडवते कशी, हेही वाचण्यासारखं आहे. पाणी सावकाश झिरपत असताना वाळूच्या वरच्या पदरावर सूक्ष्म जीवांचा एक बुळबुळीत थर धरतो. रोगाचे जंतू त्या थरात अडकतात, मरतात. त्या थराला दोन-चार दिवस जमू दिल्याशिवाय पाणी चांगलं गाळलं जात नाही.

मैत्रिणींनो, इथं वाचताना आपला ऊर भरून येणं साहजिक आहे. आपल्या आज्या-पणज्या हे कधीपासून करत होत्या! तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त श्रावकाचे मूलगुण सांगताना जलगालनही त्यांत धरलं. जाड, दुहेरी कापड घ्यायचं. गाळलेलं पाणी दोन घटकांच्या आत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांत वापरायचं, नाहीतर पुन्हा गाळायचं. आणि कापडावर राहिलेले जीव, आपण ज्याला जिवाणी म्हणतो, ते ज्या आडाचं पाणी त्याच आडात सोडायचे. तेही वरून ओतून नाही, तांब्या पाण्यापर्यंत खाली नेऊन अलगद. बेळगावात नळाला राकसकोपचं पाणी आलं, घराघरांत यंत्रं बसली, तरी माठावर फडकं बांधणाऱ्या बायका अजून आहेत.

पण विज्ञानाचं प्रशस्तिपत्रक हातात घेऊन नाचायच्या आधी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक म्हणजे, पटकीचा जंतू एवढा बारीक की सुटा असला तर कापडातून सहज पार होतो. मात्र पाण्यातल्या बारीक किड्यांना तो चिकटून राहतो, आणि किडे कापडावर अडकतात. अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुनी सुती साडी चार-आठ पदरी करून पाणी गाळायला सांगितलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला, की त्या गावांत पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी घटले. निम्मे वाचले हे खरं. तसेच निम्मे वाचले नाहीत हेही खरं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण पाणी गाळतो ते पटकीपासून वाचायला म्हणून नव्हे. पाण्यातले जीव आपल्या पोटात जाऊन मरू नयेत म्हणून गाळतो. आपला जीव वाचतो तो ओघानं. म्हणूनच जिवाणी परत सोडायची असते, नाहीतर कापड झटकून टाकलं तरी काय बिघडलं असतं? आल्टोनाचं गाळणं माणसाला जिवापासून वाचवायला होतं, आपलं गाळणं जिवाला माणसापासून. दोन्ही कापडं एकाच माठावर बसतात, पण ती एक नव्हेत.

आणि तरीही हॅम्बुर्गचा इतिहास मला गप्प बसू देत नाही. आपलं गाळणं घरापुरतं असतं. माझा माठ, माझं फडकं, माझं व्रत. हॅम्बुर्गच्या श्रीमंतांनीही घरापुरतं बघितलं होतं. बोळातल्या धुणेवालीच्या नळाला काय येतं हा त्यांच्या हिशेबाचा विषय नव्हता. गाळणीचा खर्च जास्त वाटला म्हणून तो टाळला, आणि पुढं त्या टाळण्याची किंमत व्यापार, अब्रू आणि ८,६०० माणसं अशी मोजली. आपणही व्यापारी समाज. बस्तीच्या पंचकल्याणकाला लाखोंच्या बोली सहज लागतात. त्याच बस्तीच्या मागच्या वस्तीतल्या बोअरचं पाणी कधी तपासून घेतलंय का, हे आपल्या महिला मंडळात कुणी विचारत नाही. जीवदया पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवांपर्यंत पोचते, मग हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईपर्यंत का पोचू नये?

हॅम्बुर्ग मात्र शिकलं. काल्टेहोफ बेटावर गाळणीच्या तळ्यांचं काम साथीआधीच मंजूर होऊन सुरू झालं होतं. ते रात्रंदिवस करून मे १८९३ मध्ये पुरं केलं. आरोग्यसंस्था निघाली, मतदानाचा हक्क थोडा रुंदावला, बोळवस्त्या हळूहळू पाडल्या गेल्या. आज जिथं बायका खरेदीला जातात तो म्योंकेबेर्गश्ट्रासे हा रुंद रस्ता अशाच एका वस्तीच्या जागेवर आहे.

याच शहरात १९२० पासून सुमारे तीस वर्षं वाल्टर शुब्रिंग हे जैनविद्येचे मोठे अभ्यासक प्राध्यापक होते. दशवैकालिक सूत्राचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३२ मध्ये अहमदाबादच्या आणंदजी कल्याणजी पेढीनं प्रसिद्ध केला. आपण दिगंबर ते सूत्र आगम म्हणून मानत नाही, पण त्याच्या चौथ्या अध्ययनातला सहा जीवनिकायांचा विचार आपलाही आहे. माती, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती आणि हलते-चालते जीव, या सगळ्यांना जपा. पाण्यात जीव असतात हे ज्या शहरानं हसण्यावारी नेलं होतं, त्याच शहरात बसून चाळीसएक वर्षांनी एका जर्मन माणसानं पाणी हाच जीव आहे हे वाक्य अक्षर अक्षर लावून समजून घेतलं!

तेव्हा आता आमची यादी अशी आहे. गोदामं बघायचीच, पण तिथून उठवलेल्या वीस हजारांची आठवण ठेवून. मग नगरभवनाच्या आतल्या चौकातलं कारंजं. त्यावर हायगिया ही ग्रीक आरोग्यदेवता उभी आहे, पायाखाली राक्षसी सर्प. साथीच्या स्मरणार्थ तिला तिथं बसवलीय. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीपार ढकलायचे. त्यांनी आपल्या देवीला थेट कारभाऱ्यांच्या चौकात आणून उभी केली, हे मला जास्त आवडलं. तिसरं, शुल्टरब्लाटचा रस्ता, दोन्ही बाजूंनी चालत. चौथं, ओल्सडोर्फची प्रचंड दफनभूमी, जिथं साथीतले मृत पुरले. आणि शेवटी काल्टेहोफ. १९९० पर्यंत तिथं पाणी गाळलं जात होतं. २०११ पासून तिथं संग्रहालय आहे, आणि जुनी तळी पाखरांना मोकळी सोडलीत.

पाण्याच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. हॅम्बुर्गचा नळ आता खोल जमिनीतल्या पाण्यावर चालतो आणि ते नळाखाली पेला धरून निर्धास्त प्यावं असं असतं. फडकं मी तरीही नेणार आहे. व्रत माझं आहे, ते साथीवर अवलंबून नाही. आणि परतल्यावर, चातुर्मासातल्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत, मागच्या वस्तीतल्या बोअरचं पाणी तपासायला देण्याचा विषय मांडणार आहे. खर्च फार नाही, मी चौकशी करून ठेवलीय.