मुक्या जिवाच्या औषधाला पैसा कुठून आला?



मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका वहिनींच्या कुत्रीचा मागचा पाय रानडुकराने फाडला. रात्रभर शेळ्यांची राखण करणारी ती कुत्री. डॉक्टर म्हणाले, टाके आजच घालायला हवेत. गाडीभाडं नि औषधं धरून तीन हजार लागणार होते आणि वहिनींच्या हातात होते चारशे. त्यांनी गटाकडे कर्ज मागितलं, तशी आमच्यात दोन तट पडले. “बायकांच्या घामाचा पैसा कुत्रीवर घालायचा?” असं आमच्यातल्याच काहीजणी म्हणाल्या.

हा वाद जुना आहे, हे आम्हाला नंतर कळलं. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

साल 1832. मुंबईत इंग्रज सरकार मोकाट कुत्री मारवत होतं आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे देत होतं. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. ते चिडून रस्त्यावर आले, दुकानं बंद झाली. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ सुरू झालं. म्हातारी, लंगडी, बेवारस जनावरं तिथे सांभाळली जाऊ लागली. त्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून थोडी थोडी पट्टी बसवून घेतली. म्हणजे आपल्यासारखाच थेंब थेंब गोळा झाला.

पण आसरा वेगळा आणि उपचार वेगळा. 1880 नंतरच्या काळात गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. त्याला नाव दिलं बाई साकरबाईंचं. 1886 मध्ये तिथेच पशुवैद्यकीय कॉलेज निघालं आणि आपल्याकडे शिकलेले गुरांचे डॉक्टर तयार होऊ लागले.

तिकडे लंडनमध्ये पहिलं महायुद्ध चालू होतं. 1917 मध्ये मारिया डिकिन नावाच्या बाईंनी गरीब वस्तीतल्या एका तळघरात जनावरांचा मोफत दवाखाना उघडला. गरिबाला आपल्या जनावराची माया नसते असं नाही, त्याच्याकडे पैसा नसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे घोडागाडीतून त्यांचा फिरता दवाखानाही निघाला.

कुणी पट्टी दिली, कुणी देणगी दिली, कुणी दारोदार फिरलं. पण एकट्या मालकावर सगळा भार कुणी टाकला नाही.

आता आमचं सांगतो. वाद घालण्यात आमची दुपार टळली. शेवटी कर्ज दिलं, रजिस्टरात कारणही खरं लिहिलं: ‘कुत्रीचा औषधोपचार’. कुत्री वाचली, पण उशीर झाल्याने पाय गेला. आज ती तीन पायांवर राखण करते. तिला पाहिलं की आम्हाला ती दुपार आठवते.

म्हणून आम्ही नियम केला. दर महिन्याला प्रत्येकीचे दहा रुपये जनावरांच्या अडीनडीसाठी बाजूला ठेवायचे. तातडीची वेळ आली तर अध्यक्ष आणि सचिव दोघींनी मिळून लगेच पैसे द्यायचे, बैठक मागाहून. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायचं, तिथलं शुल्क कमी असतं. आणि 1962 लक्षात ठेवायचं. हे साल नव्हे, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावण्याचा फोन नंबर आहे, आणि फोनला पैसे पडत नाहीत.

तुमच्या गटात ही वेळ आली तर काय कराल? पुढच्या बैठकीत एवढं ठरवून टाका. जनावर दारात विव्हळत असताना ठरवणं फार जड जातं.