कॅश मेमरीची आकारनिश्चिती (डेटाबेस सर्व्हर)

सर्व्हरच्या एकूण रॅमपैकी किती भाग डेटाची वारंवार लागणारी पाने धरून ठेवण्यासाठी राखायचा, हे ठरविण्याची प्रक्रिया. या भागाला मायएसक्यूएलमध्ये बफर पूल, पोस्टग्रेसमध्ये शेअर्ड बफर्स म्हणतात. संपूर्ण डेटाबेस केवढा, यापेक्षा त्यातला रोजच्या वापरातला हिस्सा (वर्किंग सेट) केवढा, हे महत्त्वाचे. ही कल्पना पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडली.

प्रमाण : मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनाच्या बफर पूलचा मूळ आकार १२८ एमबी, पान १६ केबीचे. फक्त डेटाबेससाठी असलेल्या सर्व्हरवर रॅमच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत तो वाढवतात. पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे. तेथे २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि ४० टक्क्यांपलीकडे सहसा फायदा नाही, असा अधिकृत सल्ला आहे, कारण तेच पान ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमध्येही असू शकते. जोडण्यांचा खर्च वेगळा. पोस्टग्रेसमध्ये वर्क मेम (एका सॉर्टला वापरता येणारी मेमरी) ४ एमबी असताना ३०० जोडण्यांनी प्रत्येकी दोन सॉर्ट एकाच वेळी चालवले, तर २,४०० एमबी त्यातच जातात. हा हिशेब सर्रास राहून जातो. मग सर्व्हर स्वॅपमध्ये शिरतो आणि वाढवलेली कॅश उलट महागात पडते.

ओरॅकल : स्वयंचलित मेमरी व्यवस्थापनाची सोय आहे.

वितरित प्रणाली : महाड-पोलादपूरच्या जमीन नोंदींचे उदाहरण सोयीचे आहे. समजा, रायगड जिल्ह्याच्या नोंदींच्या पूर्ण प्रती प्रत्येकी ६४ जीबी रॅमच्या तीन सर्व्हरवर आहेत. महाडची विनंती कोणत्याही सर्व्हरकडे जात असेल, तर तीच पाने तिन्हीकडे साठतात; रॅम १९२ जीबी, उपयोगी कॅश मात्र जेमतेम एका यंत्राएवढी. महाड एकाकडे, पोलादपूर दुसऱ्याकडे अशा तालुकावार विनंत्या वळवल्या, की त्याच रॅममध्ये जवळपास तिप्पट डेटा मावतो. पण महाडचा सर्व्हर बंद पडला, की तो भार अशा यंत्रावर येतो जिथे महाडचे एकही पान तापलेले नाही. म्हणून थोडी जागा मोकळी सोडावी लागते. किती, याबाबत एकमत नाही.

गावांच्या संख्येवरून आकार ठरवणे कोकणात फसते. जमिनीचे हिस्से गुंठ्यांचे, सामाईक खातेदार भरपूर. वारसांची नावे चढत गेलेला एक सातबारा उघडायलाही खातेदार, इतर हक्क आणि फेरफारांच्या तक्त्यांतली कितीतरी पाने लागतात. वर्किंग सेट हंगामाप्रमाणेही सरकतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसारख्या कामात लेखन वाढते आणि डिस्कवर जायची राहिलेली पाने कॅशमध्ये जागा अडवतात. गणपतीला चाकरमानी गावी आले, की जमिनीची कामेही निघतात. जुलै २०२१ च्या महापुरासारख्या आपत्तीनंतर पंचनाम्यांच्या दिवसांत एकाच तालुक्याच्या नोंदी सतत मागितल्या जाऊ शकतात. सरासरी दिवसाच्या हिट रेशोवर (मागितलेल्यापैकी कॅशमध्येच सापडलेल्या पानांच्या प्रमाणावर) बेतलेला आकार तेव्हा तोकडा पडतो.

पुनरारंभ : मायएसक्यूएल ५.७ पासून बंद होताना अलीकडे वापरलेल्या २५ टक्के पानांची यादी जतन होते व सुरू होताना ती पाने परत भरली जातात. बफर पूलचा आकार चालू सर्व्हरवर बदलता येतो. पोस्टग्रेसमध्ये शेअर्ड बफर्स बदलायला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. पाने आधीच भरण्यासाठी पीजी-प्रीवॉर्म हे एक्स्टेन्शन आहे.